गिरणीवालीचा बिंदू

पुण्यातल्या कंपनीने आमचा विभाग बंद केला आणि मी वडवणीला वडिलांकडे परत आले. पुण्यात चार वर्षं मी वेबसाइटच्या पडद्यावरचं काम करत होते. आतून येणारी माहिती लोकांना दिसेल कशी, कळेल कशी, हे बघायचं. वडवणीत हे काम समजावून सांगणं अवघड होतं. शेजारच्या काकू वडिलांना विचारायच्या, "पोरगी दिवसभर कंप्युटरवर काय करते?" वडील म्हणायचे, "चित्रं काढते." ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. मुलांना समजेल असं सांगायची सवय होती, आणि त्यांचं म्हणणं फारसं चुकीचंही नव्हतं.

आई गेल्यापासून ते एकटे होते. मी परत आले याचं त्यांना बरं वाटलं की वाईट, ते त्यांनी दाखवलं नाही. पुढच्या खोलीतलं टेबल रिकामं करून दिलं आणि वीज गेली तर माझं अडू नये म्हणून एक जुनी बॅटरी दुरुस्त करून आणली. सकाळी चहा टेबलावर ठेवून ते न बोलता बाहेर जायचे.

काही महिन्यांनी मला एका संस्थेचं काम मिळालं. संस्था आमच्या भागात क्षयरोगावर काम करत होती. तिचे प्रमुख स्वतः डॉक्टर होते. सगळे त्यांना साहेब म्हणत. माणूस सभ्य होता, कामाला वाघ होता, आणि घाईत असायचा. बीडला त्यांच्या कार्यालयात त्यांनी माझ्यासमोर वह्यांचा एक गठ्ठा ठेवला.

"एकाला टीबी निघाला की त्याच्याजवळ उठबस करणाऱ्या सगळ्यांची तपासणी करायची असते," ते म्हणाले. "आशाताई घरोघर जाऊन ती नावं लिहून आणतात. पण कोण कुणाला जोडलेलं आहे, हे या वह्यांतून एकत्र दिसत नाही. मला ते जाळं डोळ्यांनी बघायचंय. ब्राउझरमध्ये, एका पानावर."

मला लगेच कळलं त्यांना काय हवंय ते. नेहमीच्या डेटाबेसमध्ये माहिती तक्त्यात असते, शाळेच्या हजेरीपटासारखी. ग्राफ डेटाबेसची रीत वेगळी. त्यात माणूस म्हणजे एक बिंदू, आणि दोन माणसांमधला संबंध म्हणजे त्या दोन बिंदूंना जोडणारी रेष. रेषसुद्धा माणसाइतकीच नीट जपून ठेवलेली असते. असल्या माहितीचं चित्र पानावर काढणं हेच माझं काम होतं. पुण्यात मी ते दुकानं आणि गिऱ्हाइकं यांच्यासाठी केलं होतं. माणसं आणि आजार यांच्यासाठी पहिल्यांदाच करणार होते.

सुरुवातीला साहेबांनी एकच गाव निवडलं. वडवणीपासून बसने अर्ध्या तासावरचं. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथल्या आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्यसेविका, चाळिशी ओलांडलेल्या, उंच, भरभर चालणाऱ्या बाई होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "म्याडम, नुसती वही बघून तुमाला काय कळायचं न्हाई. माझ्यासंगं चला."

म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले, आणि त्या दिवशी गिरणीवाली भेटली.

बौद्ध वस्तीच्या तोंडाशी, रस्त्याला लागून पत्र्याची एक खोली होती. आत पिठाची गिरणी. गिरणी चालवणारी बाई माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. नवरा अपघातात गेलेला, घरात दोन मुली आणि सासू. केसांवर, भुवयांवर पिठाचा पांढरा थर. गावातली जुनी गिरणी मालक बीडला गेल्यावर बंद पडली होती, तेव्हापासून अख्खं गाव हिच्याकडे दळण आणत होतं. घरी हे सांगितलं तेव्हा वडील जेवता जेवता थांबले होते. "आपल्या वस्तीतल्या गिरणीवर सगळं गाव दळतं?" त्यांनी दोनदा विचारलं. त्यांच्या लहानपणी असं काही झालं नसतं. मलाही ते ऐकून छान वाटलं होतं.

तिचा खोकला कितीतरी महिने चालू होता. पिठाच्या धुरळ्याने होतोय असं ती समजत होती. आशाताईंनीच मागे लागून थुंकी तपासायला लावली, आणि टीबी निघाला. मी गेले तेव्हा औषध सुरू होऊन महिना होत आला होता. आता तिच्याकडून कुणाला लागण व्हायचा धोका राहिला नव्हता, असं साहेबांनी आशाताईंना समजावलं होतं.

माहिती घेण्याआधी एक संमतीपत्र वाचून दाखवायचं असे. आशाताई वहीत पानं आखत होत्या, म्हणून ते मी वाचलं. त्यात एक वाक्य होतं: तुम्ही दिलेली माहिती गुप्त ठेवली जाईल आणि तुमचं नाव कुठेही उघड केलं जाणार नाही. ते वाक्य मी दोनदा वाचलं, तिला नीट समजावं म्हणून. तिने हात पदराला पुसले आणि सही केली. सही चांगली वळणदार होती.

"आता सांगा बाई," आशाताई म्हणाल्या. "मागच्या काही महिन्यांत तुमच्याजवळ कोण कोण बसलं, बोललं, जास्त वेळ थांबलं?"

"समदेच की," ती म्हणाली. "दळण व्हईस्तोर बसत्यात."

"मग समदी सांगा. सुटलं कुणी तर तपासणी राहून जाईल त्याची."

तिने सांगायला सुरुवात केली. वार लावून सांगत होती. सोमवारी कोण येतं, बाजाराच्या आदल्या दिवशी कोण येतं, कुणाची सून डबा ठेवून जाते आणि कुणाची सासू पीठ होईपर्यंत पायरीवर बसून घरची गाऱ्हाणी सांगते. मधेच दळण आलं की उठायची, मोटर चालू करायची, पीठ बोटांत घेऊन जाड-बारीक बघायची, आणि परत येऊन जिथे थांबली होती तिथून पुढे. पट्ट्याच्या आवाजात तिला मोठ्याने बोलावं लागे, आणि मोठ्याने बोललं की खोकला येई. आशाताईंची चार पानं भरली. शेवटी ती म्हणाली, "अजून धनगरवाड्यातली दोगं-तिगं हायती. त्यांचं नाव ध्यानात न्हाई, पर घर दावते तुमाला." आणि गिरणी बंद करून खरोखर घर दाखवायला आली.

वाटेत आशाताई मला हळू आवाजात म्हणाल्या, "असं मानूस मिळत न्हाई म्याडम. लोकं नवऱ्याचं नाव बी लपवत्यात."

त्याच दिवशी आम्ही आणखी एका घरी गेलो. चिरेबंदी ओटा, दारात ट्रॅक्टर. तिथल्या म्हाताऱ्या गृहस्थांना गावात मान होता. ते बाजेवर पडून होते आणि खोकत होते. त्यांचा मुलगा दारातच उभा राहिला. "आमच्या घरी कुणाला काही न्हाई," तो म्हणाला. "वय झालंय, दमा हाय." थुंकीची डबी त्याने घेतली नाही. आशाताईंनी वहीत घराच्या नावापुढे एक आडवी रेघ मारली.

पुढचे दोन महिने मी ते पान बनवत होते. वह्यांतली माहिती डेटाबेसमध्ये भरली. नावं काढून टाकली आणि प्रत्येकाला एक आकडा दिला. पानावर फक्त वर्तुळं आणि रेषा. ज्यांना आजार निघाला ती लाल, तपासणी बाकी असलेली करडी. अशा चित्रात वर्तुळं कुठे ठेवायची हे हाताने ठरवत नाहीत. वर्तुळं एकमेकांना दूर लोटतात, रेषा त्यांना जवळ ओढतात, आणि या ओढाताणीतून सगळी आपापल्या जागी जाऊन बसतात. पान उघडलं की क्षणभर सगळा पडदा थरथरायचा आणि मग स्थिर व्हायचा. ज्याला सगळ्यात जास्त रेषा, ते आपोआप मध्यभागी यायचं. मी त्यात एक भर घातली: ज्याला जास्त रेषा, ते वर्तुळ मोठं दिसावं. प्रोग्राममध्ये एका ओळीचं काम होतं. साहेबांना दूरवरूनही महत्त्वाचा बिंदू ओळखता यावा, हा माझा हेतू.

आणि रेषांना बाण होते. ग्राफ डेटाबेसमध्ये प्रत्येक रेषेला दिशा द्यावीच लागते, कुठून कुठे ते. ज्याने नाव सांगितलं त्याच्यापासून ज्याचं सांगितलं त्याच्यापर्यंत, अशी दिशा मी ठेवली होती. पडद्यावर त्याचे बाण आपोआप उमटत होते. ते काढायचे तर थोडं जास्त काम होतं. मला ते दिसायलाही बरे वाटत होते.

एकदा आशाताई बाजाराला वडवणीला आल्या होत्या, त्यांना मी घरी बोलावून ते पान दाखवलं. चहाचा कप हातात धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"हे बाण कावून?" त्यांनी विचारलं.

"कुणी कुणाचं नाव सांगितलं, ते कळायला."

"आसं व्हय," त्या म्हणाल्या. मग मधल्या मोठ्या लाल वर्तुळावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही गिरणीवाली."

"तुम्हाला कसं कळलं? नाव तर नाही."

"मीच लिवलंय की सगळं," त्या हसल्या.

मीही हसले. त्यांनी लिहिलंय म्हणून त्यांना कळलं, असं मी समजले. यापुढे मी काही विचार केला नाही.

गावात तपासणीला लोक येत नव्हते. शिबिर ठेवलं की चार-दोन म्हाताऱ्या येत आणि निघून जात. साहेब वैतागले होते. त्यांनी ठरवलं की गावाची बैठक घ्यायची आणि हे चित्र भिंतीवर दाखवायचं. "आजार कसा जोडत जातो हे डोळ्यांनी दिसलं की लोक येतील," ते म्हणाले. "नाव तर कुणाचंच नाही त्यात."

"नाही, नाव नाही," मी म्हणाले. मला खरं म्हणजे आनंद झाला होता. माझं काम इतक्या लोकांसमोर कधी दाखवलं गेलं नव्हतं.

बैठक शाळेच्या मोठ्या खोलीत झाली, दुपारी. उजेड येऊ नये म्हणून खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या होत्या. पुरुष पुढे, बायका मागे दाराशी. गिरणीवाली मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसली होती. मला बघून ओळखीचं हसली. आशाताईंनी सगळ्यांना यायला सांगितलं होतं, आणि तीही आली होती.

साहेब बोलले, चांगलं बोलले. मग त्यांनी मला खूण केली. मी पान उघडलं. भिंतीवर वर्तुळं थरथरली, एकमेकांना ढकलत सरकली आणि थांबली. मध्यभागी ते लाल वर्तुळ, ताटाएवढं मोठं. त्यातून चारही बाजूंना बाण निघालेले.

मग पुढच्या रांगेतला एक माणूस म्हणाला, "सायेब, हे मधलं कोन?"

"ते महत्त्वाचं नाही," साहेब म्हणाले. "महत्त्वाचं हे की एकमेकांना आपण किती जोडलेले आहोत."

"पर त्याच्याकडूनच समदीकडं बाण गेलेत की."

साहेबांनी बाणांचा अर्थ सांगायला सुरुवात केली, पण आता पुरुषांच्या रांगेत कुजबुज चालू झाली होती. लोक भिंतीवरच्या रेषा मोजत होते. लाल वर्तुळाला अगदी चिकटून तीन छोटी वर्तुळं होती, कारण त्यांच्या रेषा आपसातही होत्या: दोन मुली आणि सासू. कुणीतरी म्हणालं, "तीन मानसं घरची. मधलं धरून चार." दुसरा म्हणाला, "आन् एवडी लोकं कुनाकडं येत्यात बे गावात?"

मग माना वळल्या. एकेक करून, अगदी सावकाश. कुणी ओरडलं नाही, कुणी वाईट शब्द काढला नाही. तिच्या शेजारी बसलेली बाई पदर सावरून उठली आणि दाराकडे जाऊन उभी राहिली. मग दुसरी. गिरणीवालीने पदर तोंडावर ओढला आणि खाली बघत बसून राहिली. मी लॅपटॉप मिटला. भिंतीवर नुसता निळा चौकोन राहिला.

साहेबांनी बैठक लवकर आटोपली. गाडीत ते फोनवर पुढच्या गावांची शिबिरं ठरवत होते. वडवणी जवळ आल्यावर म्हणाले, "दोन दिवसांत विसरतील लोक."

घरी मी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाले, "तू नाव काढलंस. पण माणूस तसाच ठेवलास ना त्यात. गावात माणसाला नावाने कोण ओळखतं? घर, सोयरे, धंदा, त्यावरून ओळखतात." ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्याच आठवड्यात शिबिराला लोक आले. रांग लागली. साहेबांचा फोन आला, आवाजात उत्साह होता. "बघितलंस? चित्राचा परिणाम झाला." मी हो म्हणाले. त्याच संध्याकाळी आशाताईंचा फोन आला.

"गिरनी बंद हाय म्याडम," त्या म्हणाल्या. "दळनच येईना. लोकं डबं घेऊन गाडीवर वडवणीला जायलेत. ज्या बायका पायरीवर बसायच्या त्या तोंड फिरवून जात्यात."

"पण आता तिच्याकडून लागण होत नाही. तुम्ही सांगा ना त्यांना."

"मी सांगितलं. सायबांनी बी सांगितलं. आईकून घेत्यात. मंग म्हनत्यात, तरी पन पीठ खायचं हाय आमाला." त्यांनी आवाज खाली आणला. "खरं सांगू का? काही जनांना आधीपासूनच खुपत व्हतं तिथं दळायला जानं. आता त्यांना कारन मिळालं."

मी त्याच रात्री बाण काढून टाकले, वर्तुळं सारख्या आकाराची केली आणि घरच्या माणसांचे बिंदू विखरून ठेवले. सकाळी ते साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "छान, पण आधीचं जास्त स्पष्ट होतं."

काही आठवड्यांनी शिबिराचे आणि दवाखान्यांचे निकाल डेटाबेसमध्ये भरताना मला एक नोंद दिसली. चिरेबंदी ओट्याच्या घरातले ते म्हातारे गृहस्थ. शेवटी त्यांना श्वास घेता येईना म्हणून मुलाने बीडच्या दवाखान्यात नेलं होतं. टीबी निघाला, आणि फुप्फुसं इतकी पोखरली होती की आजार कितीतरी जुना असणार, असा शेरा होता. गिरणीवालीच्या खूप आधीचा. बाजेवर पडायच्या आधी घरचं दळण घेऊन तेच गिरणीवर येऊन बसायचे. आणि माझ्या चित्रात त्यांचं वर्तुळ अगदी कडेला, एका रेषेवर टांगल्यासारखं होतं. ती एक रेषही गिरणीवालीने त्यांच्या घरचं नाव सांगितलं म्हणून होती. त्यांनी स्वतः कुणाचंच सांगितलं नव्हतं.

मी आशाताईंना फोन करून म्हटलं, "गावाला कळायला पाहिजे. तिच्यापासून सुरू झालेलं नाही. उलट तिलाच त्यांच्याकडून लागलेलं असू शकतं."

त्यांनी आधी निकालाची तारीख विचारून घेतली. मग म्हणाल्या, "मला बी तसंच वाटतंय. पर हे तुमी सांगनार कसं? त्यांचं नाव भिंतीवर लावून?"

"नाव न घेता."

"नाव न घेता काय व्हतं ते बघितलं न्हवं का आपन."

मी पडद्यावरची नोंद मिटली. त्या म्हणाल्या, "एक घर बसलं म्याडम. दुसरं कावून बसवायचं? आन् ते बसनार बी न्हाई. ते मोठं घर हाय. लोकं त्यांना भेटायला दवाखान्यात चाललीत." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण फोन त्यांनी लगेच ठेवला.

माझ्याकडे त्या गृहस्थांचा आकडा होता, निकाल होता, सगळं होतं. मी ते कुणाला दाखवलं नाही. ते बरोबरच होतं, असं मी अजूनही मानते. पण त्यामुळे गिरणीवालीवरचा डाग तसाच राहिला, हेही खरं आहे.

उन्हाळा लागायच्या आधी ती दोन्ही मुलींना घेऊन दिंद्रुडला भावाकडे गेली. सासू गावातच राहिली. मधे आठ-दहा दिवस तिने गोळ्याच घेतल्या नव्हत्या, असं आशाताईंनी सांगितलं. गोळ्या घेतल्या की आपण आजारी आहोत हे लोकांना खरं वाटतं, असं ती म्हणाली होती. मग त्यांनीच दिंद्रुडच्या आशाताईंना फोन करून औषध परत सुरू करायला लावलं. मोठी मुलगी दहावीला होती. तिची शाळा ऐन परीक्षेच्या तोंडावर सुटली.

मी दोनदा दिंद्रुडला जायला निघाले आणि दोनदा बसस्थानकावरून परत आले. तिसऱ्यांदा गेले. भावाचं घर बाजारपेठेच्या मागे होतं. ती ओसरीवर बसून शेवया वाळत घालत होती. केस काळे होते. मी तिला पिठाशिवाय पहिल्यांदाच बघत होते, आणि एक क्षण ओळखलं नाही.

तिने मला ओळखलं. पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं. तब्येत विचारली तर म्हणाली, "बरी हाय. दोन महिनं राहिलं औशिदाचं." खोकला जवळजवळ थांबला होता. चढावर चालताना मात्र दम लागत होता.

मी काय बोलायचं ते बसमध्ये ठरवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आठवलं नाही. मी म्हणाले, "ते भिंतीवरचं चित्र मी काढलं होतं."

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "लॅपटॉप तुमच्याच म्होरं व्हता."

"माझी चूक झाली. तुम्ही ओळखू याल हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. मीच तुम्हाला वाचून दाखवलं होतं, नाव उघड होणार नाही म्हणून."

"नाव न्हवतंच की त्यात," ती म्हणाली. टोमणा होता की नाही, मला कळलं नाही. ती शेवया सारख्या करत राहिली. मग विचारलं, "ते मधलं एवडं मोठं कावून दिसत व्हतं? मला लई आजार व्हता म्हनून?"

"नाही. आजाराचा काही संबंध नाही. तुम्ही सगळ्यात जास्त नावं सांगितली, म्हणून."

तिने हात थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. "म्हंजे दुसऱ्यांनी सांगितली न्हाईत?"

"फार थोडी."

"मला वाटलं समदेच सांगत असतील," ती म्हणाली.

आतून तिची मोठी मुलगी चहा घेऊन आली. कप ठेवला, माझ्याकडे न बघता आत गेली. मी चहा संपवला. निघताना ती म्हणाली, "ते चित्र हाय का अजून? मोबाइलवर?"

मी म्हणाले, नाही, ते मी काढून टाकलं.

"असं," ती म्हणाली. "मला नीट बघायलाच मिळालं न्हवतं. पदर व्हता तोंडावर. किती लोकं यायची माझ्याकडं, ते बघायचं व्हतं."

मी पिशवी उचलली आणि बसस्थानकाकडे चालू लागले. माझ्या लॅपटॉपमध्ये जुन्या आवृत्त्या सगळ्या साठवलेल्या होत्या. काढून टाकलं म्हणाले ते खोटं होतं. ते चित्र तिला दाखवायचा मला धीर झाला नाही, एवढंच.

तिचं औषध पूर्ण झालं. शेवटची तपासणी चांगली आली, हे मला पडद्यावर कळलं. तिचं वर्तुळ लालचं हिरवं झालं. गावी मात्र ती परत गेली नाही. त्या पत्र्याच्या खोलीला कुलूप आहे. सासू वारली तेव्हा दोन दिवस येऊन गेली, आणि गावातल्या बऱ्याच बायका तेव्हा भेटायला आल्या, गळ्यात पडून रडल्या, असं आशाताई सांगत होत्या. मोठी मुलगी पुढच्या वर्षी परीक्षेला बसली नाही. दिंद्रुडला कापडाच्या एका दुकानात लागली.

संस्थेने ते पान आणखी दोन तालुक्यांत नेलं. मी साहेबांना लिहून कळवलं की हे फक्त कार्यालयात बघावं, गावात भिंतीवर दाखवू नये. त्यांनी मान्य असल्याचं उत्तर पाठवलं. नंतर एका कार्यक्रमाचा फोटो मला दिसला. मांडवात माणसं बसलेली आणि समोर पांढऱ्या कापडावर वर्तुळं, रेषा, आणि रेषांना बाण. जुनीच आवृत्ती होती. मी फोन केला, तर साहेब बाहेरगावी होते. दुसऱ्या दिवशीही होते. करार संपल्यावर त्यांनी नवा दिला नाही, आणि मी मागितला नाही.

आता मी घरूनच दुसरी कामं करते. वडील थकले आहेत. शेजारच्या काकूंना मात्र अजून तेच सांगतात, "चित्रं काढते."

आशाताई बाजाराच्या दिवशी कधी कधी येतात. मागच्या खेपेला त्यांची वही टेबलावर होती. मी न विचारता उघडली. गावात नवीन तीन पेशंट निघाले होते. प्रत्येकाच्या नावाखाली एकच ओळ, फार तर दोन. नवरा, मुलगा. एकाखाली काहीच नाही.

"एवढीच?" मी विचारलं.

"एवडीच सांगत्यात आता," आशाताई म्हणाल्या. "मी दोन-दोन तास बसते. म्हनत्यात, आमच्याकडं कुनी येतच न्हाई." त्यांनी वही मिटून पिशवीत टाकली. बसची वेळ झाली होती.